माळाचा वाटा

काल आईने गच्चीवरचे कपडे काढून आणले, तेव्हा माझ्या पांढऱ्या ओढणीवर काजळीचे बारीक तुकडे होते. बोट लावलं की काळी रेघ उठते, नुसती फुंकर मारली तर उडून जातात. "कारखाना सुरू झाला," आई म्हणाली आणि ओढणी पुन्हा धुवायला टाकली. आमच्या घरी ऊस नाही. वडील बारामतीत नोकरी करतात, आणि आमचं शेत म्हणजे गच्चीतल्या सहा-सात कुंड्या. तरीही हिवाळा आला हे आम्हाला या काजळीवरूनच कळतं. मग इंदापूरच्या रस्त्यावर उसाने लादलेले ट्रॅक्टर डुलत चालायला लागतात, त्यांच्या मागे मोटारींची रांग लागते, वळणावळणावर उसाची कांडकी सांडलेली असतात, आणि हवेला मळीचा तो आंबूस-गोड वास येतो. परगावच्या पाहुण्यांना तो सहन होत नाही. आम्हाला तो येतोय हेही कुणी सांगितल्यावर कळतं.

हा वास आला की मला आता ऊस आठवत नाही. मला निरवांगीचा माळ आठवतो, आणि त्या माळावर एका हिवाळ्यात मी वाकून वाकून शोधत फिरले त्या लेंड्या आठवतात.

हे ऐकून लोक हसतात, म्हणून मी सहसा सांगत नाही. तेव्हा मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आमच्या मॅडमनी एक प्रश्न दिला होता. माणसांत आणि पाळीव जनावरांत आता औषधांना दाद न देणारे जंतू सापडतात. मग ज्याने आयुष्यात एकही गोळी घेतलेली नाही, ज्याला कुणी कधी इंजेक्शन टोचलेलं नाही, अशा रानातल्या जनावराच्या पोटातही ते पोचलेत का? त्यासाठी जनावर पकडायची गरज नव्हती. त्याची ताजी विष्ठा मिळाली तरी पुरे होतं. इंदापूरच्या माळांवर लांडगे आहेत, कोल्हे आहेत, खोकडं आहेत, आणि माझं आजोळ, निरवांगी, तिथेच आहे. मॅडमना वाटलं, सोयीचं होईल.

आजोळी मात्र पहिल्याच सकाळी मामींनी चुलीपुढे बसल्या बसल्या जाहीर केलं, "एवढी विंग्रजी शाळा शिकवली, आन पोरगी माळावर हागणदारी हुडकत फिरती." मामा चहा पीत होते, त्यांना ठसका लागला. शेजारच्या बायकांना ते इतकं आवडलं की पुढचे काही दिवस मला बघितलं की कुणीतरी विचारायचं, आज किती घावलं म्हणून.

मी हसायचे आणि गप्प बसायचे. गप्प बसणं मला जमतं. बारामतीच्या इंग्रजी शाळेत मी गप्प असायचे, कारण तिथे सगळ्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा भराभर चालायचं. आणि निरवांगीत गप्प असायचे, कारण तिथे माझं मराठी धड्यातल्यासारखं वाटायचं. मी 'इथे' म्हटलं की मामेभावंडं 'हितं' म्हणून मला दुरुस्त करायची, आणि मी 'हितं' म्हटलं की पोट धरून हसायची. माळावर मात्र कुणाला काही म्हणून दाखवावं लागत नव्हतं. पहाटेचा गारठा, गुडघ्यापर्यंत पिवळं गवत, सलवारीत रुतून बसलेली कुसळं, मधूनच एखादं हिवराचं झुडूप. एका बाजूला कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, गर्द, भिंतीसारखा. दुसऱ्या बाजूला, अंथुर्ण्याच्या दिशेला, नजर पोचेल तिथवर उघडा माळ. लोक त्याला पडीक म्हणतात. सकाळी त्याच्यावरून चालताना तिथे रात्रभर किती येणंजाणं झालंय हे पायाखालीच दिसायचं.

खोकड म्हणजे कोल्ह्याचं धाकटं भावंड. मांजरापेक्षा थोडं मोठं, कान मोठाले, शेपटाचं टोक काळं. त्याची विष्ठा दगडावर, चढावर, सगळ्यांना दिसेल अशा जागी असते. हिवाळ्यात तिच्यात बोराच्या बिया असतात, नाकतोड्यांचे पाय असतात, उंदराचे केस असतात. ती चिमट्याने उचलून नळीत घालताना मला किळस यायची नाही. काल रात्री कोण काय जेवलं ते कळायचं. आजी पूर्वी घरी आलेल्याला पहिला प्रश्न तोच विचारायची.

मामांच्या शेडजवळच्या लेंड्यांत बिया कमी होत्या. त्यांच्यात पांढरी पिसं होती.

मामांचा कोंबड्यांचा धंदा आहे. माळाला लागून लांबच लांब शेड, खाली भाताचं तूस, दिव्यांच्या उबेला गोळा झालेली पिवळी पिल्लं, आणि सहा आठवड्यांनी मोठ्या गाडीत उलट्या धरून भरलेल्या पांढऱ्या कोंबड्या. पिल्लं यायची तेव्हा आमच्यात लहानपणी भांडणं व्हायची, कोण हातात घेणार म्हणून. गाडी यायची तेव्हा मामी आम्हाला घरात बोलावून घ्यायच्या. दर खेपेला काही पक्षी आपोआप मरतात. धंद्यात त्याला मरतूक म्हणतात. मरतूक वाढू नये म्हणून पिल्लं आजारी असोत नसोत, त्यांच्या पिण्याच्या पाण्यात औषध असायचं. या भागात सगळेच तसं करायचे. मला तो निळसर पाण्याचा रंग लहानपणापासून माहीत होता. पाण्याला तसाच रंग असतो असं वाटण्याइतका माहीत.

आणि मेलेले पक्षी मामा संध्याकाळी घमेल्यात घालून माळाच्या कडेच्या काळ्या फरशीसारख्या दगडावर ठेवून यायचे. फेकायचे नाहीत. ओळीने ठेवायचे, देवापुढे नैवेद्य ठेवावा तसे.

ही रीत आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. ते मेंढरं राखायचे. लांडग्याने कळपातलं कोकरू उचललं तर त्याच्यामागे काठी घेऊन धावायचे खरे, पण एकदा त्याने ते लांब नेलं की थांबायचे आणि म्हणायचे, त्याचा वाटा त्यानं नेला. माळाचं गवत आपण खातो, तर माळालाही काही द्यावं लागतं, असा तो हिशेब. मेंढरं गेली, शेड आलं. मामांनी वाटा तेवढा चालू ठेवला. उलट मेंढपाळाचा वाटा लांडगा ओरबाडून न्यायचा, मामा आपल्या हाताने नेऊन द्यायचे. त्यात त्यांना काहीतरी मिळायचं, हे मला त्या हिवाळ्यात पहिल्यांदा नीट दिसलं. गाडी भरली जायची त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. संध्याकाळी दगडावरून परत आले की मगच भाकरी मागायचे.

वाटा घ्यायला खोकडाची एक मादी यायची. सूर्य उसाच्या मागे गेला की गवतातून दोन कान वर यायचे. मामा दगडापासून थोडे मागे सरून उकिडवे बसायचे आणि ती त्यांच्या देखत एक पक्षी उचलून पळायची. पुन्हा यायची. मामी लांबूनच विचारायच्या, "पाहुणी आली व्हय?" मामा मान हलवायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एरवी कधी न दिसणारा एक लाजरा आनंद असायचा. मी त्यांच्या मागे बसून तो बघायचे. मला वाटायचं, मामा माझ्यासारखेच आहेत. माणसांशी बोलताना त्यांनाही शब्द पुरत नाहीत.

पुण्याला परतल्यावर मी त्या नळ्यांतले जंतू काचेच्या बशीत वाढवले. हे काम दिसायला फार सुंदर असतं. बशीत फिकट रंगाचं खाद्य असतं, त्याच्यावर जंतू पसरायचे, वर औषधात बुडवलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या ठेवायच्या, आणि रात्रीत जंतूंची दाट साय धरते. औषध चालत असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत. तिथे एक स्वच्छ गोल उरतो, चंद्राला खळं पडावं तसा. माळाच्या पार पलीकडच्या अंगाला, शेड किंवा वस्ती नसलेल्या भागात मिळालेल्या नमुन्यांच्या बशांत अशी खळी बहुतेक टिकल्यांभोवती होती. मामांच्या दगडाजवळच्या नमुन्यांत काही टिकल्या नुसत्याच बसून होत्या. साय त्यांच्या कडेला येऊन चिकटली होती. त्या कशाच्या टिकल्या आहेत हे मी बघितलं. एक नाव ओळखीचं होतं. ते मी लहानपणी शेडमधल्या डब्यावर, नवीन अक्षरं जोडायला शिकताना मोठ्याने वाचलं होतं.

मॅडम सावध होत्या. एवढ्याशा नमुन्यांवरून 'इथूनच आलं' असं म्हणता येत नाही, त्या म्हणाल्या. ओढ्याच्या पाण्यातून येऊ शकतं, कुत्र्यांकडून येऊ शकतं, शेतात टाकलेल्या कोंबडखतातून येऊ शकतं. खोकड आजारी आहे असंही नाही. ते नुसतं वाहून नेतं. काळजी तीच आहे, ते जिथे जाईल तिथे घेऊन जाणार, बोरीखाली, पाणवठ्यावर, मेंढरांच्या वाड्याजवळ. मी मान डोलावली. त्यांचं सगळं बरोबर होतं. पण ती पांढरी पिसं मी माझ्या चिमट्याने बाजूला केली होती.

मामांना हे सांगायला हवं होतं, आणि कुणी दुसरं सांगणार नव्हतं. पण मग एक अडचण माझ्या लक्षात आली. मला हे सगळं इंग्रजीतच माहीत होतं. पुस्तकात प्रतिजैविक असा शब्द आहे, पण तो मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. एसटीत बसून मी वाक्यं जुळवत राहिले आणि बाहेर तोडलेल्या उसाची रिकामी रानं जात राहिली. आणखी एक गोष्ट होती, तिचं ओझं जास्त होतं. आमच्याकडे भाचीने मामाच्या पाया पडायचं नसतं. मामाच भाचीच्या पाया पडतो. मी अंगणात पाऊल टाकलं की ते पागोटं सावरून वाकतात, आणि मला दर वेळी कुठे बघावं कळत नाही. असा माणूस माझा शब्द मोडणार नाही, हे मला माहीत होतं. ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी सांगितलं. अंगणात, दुपारी, मामी शेंगा फोडत असताना. औषध रोज मिळालं की कच्चे जंतू मरतात, पक्के राहतात, आणि त्यांचीच पोरंबाळं वाढतात, असं काहीतरी म्हणाले. पुढे अडखळले. मामींनीच शेंगेवरून नजर न काढता वाक्य पुरं केलं.

"निगरगट्ट झाली म्हण की. रोज मार खाऊन पोरगं व्हतं तसं."

मी म्हणाले, हो, तसंच. आणि तसले निगरगट्ट जंतू पाहुणीच्या पोटात गेलेत. मेलेल्या कोंबड्यांतून गेले असावेत, खात्रीने सांगता येत नाही, पण तसं दिसतंय.

मामांनी एक शेंग उचलून फोडली. मग त्यांनी जे विचारलं, ते मी कुठल्याच वाक्यात आधी जुळवून ठेवलं नव्हतं. ते म्हणाले, "आबांनी दिलं तवा पुण्य झालं. मी दिलं तर पाप कसं काय?"

मी म्हणाले, पाप नाही मामा. पण आबांच्या कोकराने औषध प्यालेलं नव्हतं.

एवढंच बोलणं झालं. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या हिवाळ्यात मी शिकलेलं सगळं या एका वाक्यात होतं आणि ते मला पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं. रीत तीच राहते, हात तेच राहतात, देणाऱ्याचं मनही तेवढंच स्वच्छ असतं. ताटातलं मात्र कधीतरी बदलून जातं आणि कुणी घरात येऊन सांगत नाही. आम्ही माळाला दिलं ते आमचं उरलंसुरलं होतं, पण प्रेमाने दिलं होतं. प्रेमाने दिलेलं तपासून बघायची सवय आपल्यात नाही. तपासणं म्हणजे संशय घेणं, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. मामांनी शेंगांची टरफलं हाताने गोळा केली, उठले, आणि मी निघताना नेहमीसारखे वाकले. त्या दिवशी मला त्यांचे हात धरून थांबवावंसं वाटलं. मी धरले नाहीत.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी शेडमागे खड्डा खणला. मरतूक त्यात, वरून चुना, वरून माती. पाण्यातलं औषध डॉक्टर सांगतील तेव्हाच, असंही ठरलं. हे मला फोनवर मामींनी सांगितलं. पुढे म्हणाल्या, पण ही पाहुणी बया ऐकंना.

मी गेले तेव्हा शिवरात्र जवळ आली होती. माळ उन्हाने पांढुरका पडायला लागला होता आणि कालव्याकडचा ऊस जवळजवळ सगळा तोडून झाला होता. आजवर भिंतीमागे असलेला डांबरी रस्ता आता अंगणातून दिसत होता. पाहुणी रोज यायची. आधी दगडावर बसून राहायची, मामा सांगत होते. मग शेडपर्यंत आली. मग खड्डा उकरून बघितला. आता भर दिवसा अंगणाच्या कडेला येऊन बसत होती. तिच्या पोटाखाली आचळं दिसत होती. कुठेतरी बिळात पिल्लं होती, आणि ती उंदीर धरायचं सोडून दारात वाट बघत बसली होती. वस्तीवर कुत्री होती. अंगणापुढच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली होती, आणि एकाही ट्रॅक्टरवाल्याला वाटेत आलेलं खोकड दिसणार नव्हतं.

मी वाटा बंद करायला सांगितला होता. वाटा बंद झाल्यावर ती काय करील, हे मी विचारात घेतलं नव्हतं. माझ्या बशीत पाहुणी नव्हतीच, फक्त तिच्या पोटातले जंतू होते.

संध्याकाळी ती आली. मामांनी खाली वाकून ढेकूळ उचललं. हातात धरून उभे राहिले. तिने कान पुढे केले. तिला वाटलं असणार, आज काहीतरी आणलंय. मामांनी हात मागे नेला आणि तो तसाच राहिला. मग त्यांनी ते ढेकूळ माझ्यापुढे धरलं.

"तू मार. तिचा माझ्यावर भरवसा हाय."

मी कधी कुणाला काही फेकून मारलेलं नव्हतं. शाळेत चेंडूसुद्धा नीट फेकता यायचा नाही, म्हणून मला कडेला उभं करायचे. ढेकूळ अजून उन्हाने कोमट होतं. मी ते फेकलं आणि ते तिच्या पुढ्यात पडून फुटलं. ती एक उडी मागे गेली, आणि पळाली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. ती मामांकडे बघत होती, हे काय चाललंय असं विचारावं तशी.

मी दुसरं उचललं. मामींनी घमेलं दगडावर आपटायला सुरुवात केली. आणि मग माझ्या तोंडून आवाज निघाला, मोठा, फाटका, निरवांगीचा, कुणी दुरुस्त करायला नको असा. "जा. हितं येऊ नगंस." दुसरं ढेकूळ तिच्या मागच्या पायाला लागलं. ती कळवळली, वळली, आणि गवतात शिरली. गवत हलत हलत लांब गेलं. मामा पाठमोरे झाले होते. खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसत ते शेडकडे चालू लागले, आणि मामींनी त्यांना हाक मारली नाही.

त्यानंतर आठवडाभर आम्ही हेच केलं. मी आणि मामी. दर संध्याकाळी ती जरा लांब थांबायची, जरा लवकर पळायची. अखेर एका संध्याकाळी आली नाही, आणि आम्ही दोघी हातात ढेकळं घेऊन उगाच उभ्या राहिलो. मामी म्हणाल्या, आता घरात चल, गार लागंल.

माझा प्रकल्प पुरा झाला, चांगले गुण मिळाले. त्यात या संध्याकाळींना जागा नव्हती. मला अजून ठाऊक नाही, माळावरच्या खोकडांच्या पोटात आज काय आहे. मामांचं एक शेड बदललं म्हणून माळ बदलत नाही. पलीकडे दुसरी शेडं आहेत, कालवा आहे, आणि माळाला कुंपण नाही. निगरगट्ट झालेलं इतक्या सहज निवळतही नसतं. पुन्हा बशी लावून बघायची इच्छा होते आणि भीतीही वाटते.

परवा निरवांगीला गेले होते. दिवस मावळताना मामा आणि मी माळाच्या कडेला उभे होतो, न बोलता, आम्हाला जमतं तसे. लांब गवतातून एक खोकड बाहेर आलं. तीच होती, तिचं पिल्लू होतं, की तिसरंच कुणी, एवढ्या अंतरावरून ओळखता येत नव्हतं. त्याला आमची चाहूल लागली. ते थबकलं, मोठाले कान आमच्याकडे वळले, आणि पुढच्याच क्षणी ते जिवाच्या आकांताने पळत सुटलं. चढ ओलांडून दिसेनासं झालं. एकदाही मागे वळलं नाही.

मामा त्या चढाकडे बघत राहिले.

"वळख न्हाय ठिवली," ते म्हणाले. लेक सासरी रमली, आता माहेरची आठवण काढत नाही, असं सांगणाऱ्या बापाच्या आवाजात.